चाळीस खुर्च्यांची खोली

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मला एका कॅफेमालकाचा फोन आला. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्याची चाळीस खुर्च्यांची खोली आहे. खाली कॉफी, वर महिन्यातले दोन शनिवार पोरापोरींचं ओपन माइक, म्हणजे नवख्यांनी एकेकट्यानं माईकसमोर पाच मिनिटं विनोद करून पाहायचे. मी तिथं नेमानं जातो. मुलांचे सेट वाचतो, कुठं वाक्य लांबलंय, कुठं हिंदी उगाच घुसलंय ते सांगतो. मालक म्हणाला, "सर, या शनिवारी मुलांना तुम्हीच सांगा. बायकोवर करू द्या, बॉसवर करू द्या, पुणेकरांवर करू द्या. पक्ष नको, मंत्री नको, सरकार तर नकोच. खोली भाड्याची आहे माझी."

हा माणूस भित्रा नाही. टाळेबंदीत सगळं बंद असताना त्यानं एकाही कामगाराचा पगार थांबवला नव्हता. पण २३ मार्चच्या रविवारी रात्री मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत काय झालं, ते त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. स्टँड-अप विनोदकार कुणाल कामराचा 'नया भारत' हा कार्यक्रम त्याच दिवशी यूट्यूबवर आला. त्यात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं नाव न घेता त्यांच्यावर रचलेलं, 'गद्दार' हा शब्द असलेलं एक विडंबनगीत होतं. शिवसेनेचे कार्यकर्ते स्टुडिओत शिरले, खुर्च्या मोडल्या, सामान फोडलं. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक त्याच जागेवर हातोडे घेऊन गेलं. अनधिकृत बांधकाम काढायचं होतं म्हणे. तोडफोड करणाऱ्यांना अटक झाली आणि लगेच जामीनही मिळाला. स्टुडिओनं मात्र आपण काम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

शनिवारी नावं दिलेल्या नऊ जणांपैकी सहाच आले. निफाड तालुक्यातल्या एका मुलानं कांद्याच्या निर्यातबंदीवर पाच मिनिटांचा सेट लिहिला होता, तीन आठवडे तो त्यावर मेहनत घेत होता. मी निरोप सांगितला. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि हॉस्टेलच्या मेसवरचा जुना सेट केला. लोक हसले. मला ते हसू ऐकवेना, कारण निरोप माझ्या तोंडून गेला होता.

कामराच्या कारकिर्दीबद्दल मराठीत पुष्कळ बोललं गेलं, बहुतेक वेळा तो धाडसी की उर्मट एवढ्यापुरतंच. मला या चर्चेत एक गोष्ट सतत निसटताना दिसते. राजकारणावर बोलणाऱ्या विनोदकाराला गप्प करायचं तर त्याच्या तोंडाला हात लावावा लागत नाही. तो ज्या खोलीत उभा राहतो ती खोली, ती भाड्यानं देणारा, तिथला माईक लावणारा, तिकीट विकणारा आणि समोर खुर्चीत बसणारा, यांना हात लावला की काम होतं. आणि या घावाचा खरा फटका कामराला बसत नाही. तो नाशिकसारख्या शहरातल्या त्या मुलाला बसतो, ज्याचं नाव अजून कुणाला ठाऊकही नाही.

कामरा आधी जाहिरातपटांच्या धंद्यात होता. २०१३ च्या सुमारास तो स्टँड-अप करू लागला. सुरुवातीचे विषय सगळ्यांचे असतात तेच. २०१७ मध्ये देशभक्ती आणि सरकार यांवरचा त्याचा व्हिडिओ गाजला आणि त्याच वर्षी 'शट अप या कुणाल' सुरू झालं. स्टेजवरचा माणूस टेबलापाशी येऊन बसला आणि नेते, कार्यकर्ते, पत्रकार यांच्याशी तास-तासभर बोलू लागला. इथं कारकिर्दीचा सांधा बदलला. विनोद करणारा माणूस राजकीय भाष्यकार झाला, आणि मग त्याच्यामागे लागलेल्या गोष्टी विनोदकाराच्या राहिल्या नाहीत: न्यायालयाच्या अवमानाची नोटीस, रद्द होणारे कार्यक्रम, गुन्हे.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यानं विमानात बसलेल्या वृत्तनिवेदक अर्णब गोस्वामींच्या सीटजवळ जाऊन त्यांना प्रश्न विचारले, त्यांचा व्हिडिओ काढला. विमान कंपनीनं त्याच्यावर सहा महिन्यांची प्रवासबंदी घातली, ती पुढं तीन महिन्यांवर आणली. बंदी मला जास्त वाटली, पण ते कृत्य चूकच होतं. तिकीट काढून समोर बसलेला माणूस प्रेक्षक असतो, पट्टा बांधून विमानात बसलेला माणूस प्रेक्षक नसतो. त्याला उठून जायची सोय नाही. खोलीचं मोल ज्याला कळतं त्यानं दुसऱ्याची कोंडी करू नये.

पण याच माणसानं केलेलं एक काम फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि मला ते त्याच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा मोठं वाटतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल केला. सरकारच्या कारभाराबद्दलचा कुठला मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनंच नेमलेला तथ्यतपासणी विभाग ठरवणार, आणि त्यानं शिक्का मारलेला मजकूर समाजमाध्यमांनी ठेवला तर कायदेशीर संरक्षण जाणार, अशी ती तजवीज होती. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जाणाऱ्यांत संपादकांच्या संघटना होत्या आणि हा एकटा विनोदकार होता. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मतं वेगळी पडली. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, अतुल चांदूरकरांकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम रद्द ठरला. लासलगावच्या लिलावाची बातमी टाकणारा तालुक्यातला वार्ताहर, सातपूरच्या कारखान्यातल्या कामगारांचं म्हणणं मांडणारं एखादं छोटं यूट्यूब चॅनल, या सगळ्यांना त्या निकालाची सावली आहे.

"हे मुंबई-दिल्लीचं, आपल्याला काय?" असं मला पंचवटीत राहणाऱ्या एका जुन्या मित्रानं विचारलं. २०२५ च्या मार्चमध्ये कामराविरुद्ध खार पोलीस ठाण्यात आणखी तीन गुन्हे नोंदले गेले. एक तक्रार जळगावच्या महापौरांची होती, आणि उरलेल्या दोन्ही तक्रारी नाशिकच्या व्यावसायिकांच्या होत्या. तक्रार करणं हा त्यांचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. खुर्च्या मोडण्यापेक्षा पोलिसांत जाणं हजार पटींनी बरं. पण एका गाण्यासाठी शहराशहरांतून तक्रारी गोळा होतात, तेव्हा आरोपीला शिक्षा होण्याआधीच प्रवास, वकील, तारखा यांची शिक्षा सुरू होते. कामराजवळ वकील आहेत. मद्रास उच्च न्यायालयानं २८ मार्चला त्याला अंतरिम संरक्षण दिलं, २५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं याचिका प्रलंबित असेपर्यंत अटक नको असं सांगितलं. निफाडच्या मुलाला नाशिक जिल्हा न्यायालयाच्या आवारात कुठल्या दारानं आत जायचं हेही माहीत नाही.

आणि नाशिकनं या बाबतीत स्वतःकडे पाहायला हवं. ५ डिसेंबर २०२१ रोजी, आपल्या शहरात भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाच्या आवारात, संपादक-लेखक गिरीश कुबेर यांच्या तोंडावर शाई फासली गेली. आक्षेप त्यांच्या पुस्तकातल्या मजकुरावर होता. मराठी साहित्याचा सगळ्यात मोठा मांडव आपण उभा केला होता, त्या मांडवात पाहुण्याची जबाबदारी आपली होती. आक्षेप घेणाऱ्यांना त्याच मांडवात व्यासपीठ देता आलं असतं, तासभर वाद घालता आला असता. ते सुचलं नाही. मी त्या दिवशी तिथं होतो आणि घरी परतताना माझ्या बरोबरच्या कुणीही एकमेकांशी बोललं नाही.

हे शहर असं नव्हतं, असंही मला म्हणता येत नाही. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल, आणि खटला उभा राहिला तो नाशिकमध्ये. शब्दांसाठी माणसाला घरदार गमवावं लागतं हे गोदाकाठानं फार पूर्वी पाहिलं आहे.

पण याच मातीत दुसरी एक परंपराही आहे, आणि राजकीय स्टँड-अप ही अमेरिकेतून आलेली नवी खोड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पाहावी. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी येते. सोंगाड्या वगातल्या राजाचा शिपाई असतो, पण बोलतो ते आजच्या सरपंचाबद्दल आणि आजच्या फौजदाराबद्दल. राजाची गोष्ट जुनी, टोमणा ताजा. सत्यशोधकांनी हा साचा उचलला आणि त्याचा जलसा केला. तोच पुढं आंबेडकरी चळवळीनं आपलासा केला, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव आपल्या जिल्ह्यातलं आहे: निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला. त्याच काळात कर्डकांचा जलसा वस्त्यावस्त्यांतून फिरत होता. फार्स, सवाल-जवाब, गाणी. अस्पृश्यता, सावकारी, अंधश्रद्धा हे विषय. माणसं हसता हसता आपल्याच अवस्थेकडे पाहू लागत. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणत, अशी आठवण चळवळीत आजही सांगतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक त्याच वाटेनं पुढं गेले.

आता प्रश्न असा, की कर्डकांना हॉल कुणी दिला? कुणीही नाही. वस्तीतलं मोकळं अंगण, चार कंदील, एक ढोलकी. त्यांचं व्यासपीठ त्यांच्या प्रेक्षकांचंच होतं, म्हणून ते कुणाला बंद करता आलं नाही. आजच्या मुलाला परवानगी लागते, ध्वनिक्षेपक लागतो, भाड्याची खोली लागते, तिकिटाचं संकेतस्थळ लागतं. यातला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे घाबरवता येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत विनोदकार मुनव्वर फारुकीचा कार्यक्रम कसा थांबला ते आठवा. कायदा-सुव्यवस्थेचं कारण देत पोलिसांनी सभागृहाला पत्र दिलं, कार्यक्रम रद्द झाला. त्याआधी जानेवारीत त्याला इंदूरमध्ये अटक झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम जामीन देईपर्यंत महिनाभराहून जास्त काळ तो तुरुंगात होता. सप्टेंबर २०२२ मध्ये गुरुग्राममध्ये कामराचे कार्यक्रम धमक्यांमुळे जागामालकानं रद्द केले. २०२५ मध्ये हॅबिटॅट बंद झालं, मग तिकीट विकणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं कामराचं नाव काढून टाकलं. त्याच्या कार्यक्रमाला बसलेल्या एका प्रेक्षकाला साक्षीसाठी पोलिसांची नोटीस गेल्याची बातमीही आली. साखळीतली एकेक कडी निखळत गेली. कामरा बोलतच राहिला, कारण त्याच्याकडे लाखो लोकांपर्यंत पोचणारं चॅनल आहे.

सोलापूरचं उदाहरण तर राजकारणाचंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये विनोदकार प्रणित मोरेला कार्यक्रमानंतर मारहाण झाली, एका नव्या चित्रपट-अभिनेत्यावर विनोद केला म्हणून. मराठी मुलगा, मराठी शहर. मारायला आलेले लोक चाहते म्हणून पुढं आले होते. तेव्हापासून आमच्या खोलीतली मुलं कार्यक्रम संपल्यावर फोटोसाठी थांबायला कचरतात.

विरोधी बाजूचं म्हणणं मी मनापासून ऐकतो, कारण ते म्हणणारे माझे शेजारी आहेत, त्यांच्यात माझा सख्खा भाऊही आहे. तो म्हणतो, "निवडून आलेल्या माणसाला गद्दार म्हणणं हा कसला विनोद? तुझ्या आईबापाला कुणी म्हटलं तर?" मी त्याला सांगितलं, हा शब्द कामरानं शोधलेला नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यापासून महाराष्ट्रातले राजकारणीच तो एकमेकांना रोज ऐकवतायत. विधान भवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या त्या आमदारांनी दिल्या. तेव्हा कुठल्या सभागृहाच्या खुर्च्या मोडल्या गेल्या? ज्या शब्दावर राजकारणी निवडणुका लढवतात तो विनोदकारानं गायला की गुन्हा होतो, हे मला मान्य नाही. भावाच्या दुसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. तो म्हणाला, "मग त्यानं सरळ म्हणावं ना, की हे माझं मत आहे. अंगावर आलं की 'मी फक्त विनोद केला' कशाला?"

इथं मी भावाच्या बाजूनं आहे. विनोदकार भाष्यकार होतो तेव्हा त्यानं एक सवलत परत करायची असते. पाच मिनिटांच्या सेटमध्ये बायकोबद्दल काहीही रचून सांगता येतं, तिथं खरं-खोटं कुणी तपासत नाही. पण तुम्ही म्हणालात की अमुक योजनेत इतके कोटी गेले, तर तो आकडा बरोबरच हवा. चुकला तर त्याच माईकवरून, तितक्याच मोठ्या आवाजात दुरुस्त करायला हवा. तमिळनाडूत चो रामस्वामींनी हे करून दाखवलं. नाटकसिनेमात हसवणारा हा माणूस १९७० मध्ये 'तुघलक' पाक्षिकाचा संपादक झाला. द्रमुक असो, इंदिरा गांधी असोत, त्यांनी टीका केली ती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या अंकात, छापून. आणीबाणीतही अंक निघत राहिला. त्यांची मतं मला अनेकदा पटत नाहीत, पण ती कुणाची आहेत आणि कुठं सापडतील हे वाचकाला नेहमी ठाऊक होतं. आपल्याकडे अत्र्यांनी तेच केलं. रंगभूमी हसवून सोडणारा माणूस १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी उभा राहिला. पु. ल. देशपांडे १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्ध प्रचारसभा घेत फिरले आणि निवडणूक संपल्यावर कुठलंही पद न घेता आपल्या कामाकडे परतले. भगवंत मान यांची वाट वेगळी. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी स्पर्धेतून आलेला हा कलाकार २०२२ मध्ये पंजाबचा मुख्यमंत्री झाला. आता त्यांच्यावर विनोद करण्याची पाळी दुसऱ्या कुणाची.

आपल्या वाहिन्यांवरचे विनोदी कार्यक्रम या भानगडीत पडत नाहीत. तिथं नेत्याचा आवाज काढतात, त्याची चाल काढतात, नेताही पहिल्या रांगेत बसून टाळ्या देतो. नक्कल नेत्याला आवडते, कारण नक्कल त्याला मोठा करते. त्याच्या निर्णयाबद्दल विचारलेला एक साधा प्रश्न त्याला आवडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्र्याची नेमणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला स्थगिती मिळाली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होता. तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायची की नाही यावर शहर रस्त्यावर आलं. प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं, अशा शहरात विचारणारा कुठं उभा राहणार होता? याच काळात आमच्या खोलीत पालकमंत्र्यावर, प्रशासकावर, झाडांवर पाच मिनिटं बोलता आली असती. मराठीत बोलता आली असती.

कायदा काय म्हणतो तेही मालकाला मी सांगितलं. १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी हे अभिव्यक्ती दाबायचं कारण होऊ शकत नाही. जमावाला आवरणं हे सरकारचं काम आहे. आणि कामराला मद्रासमध्ये दिलासा मिळाला त्याच दिवशी, २८ मार्च २०२५ रोजी, कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी निकाल दिला. बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा तक्रारींत, जिथं शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे, तिथं गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल. आणि शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेनं, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नजरेनं नाही. कविता, नाटक, व्यंग, स्टँड-अप यांनी जगणं समृद्ध होतं, असंही त्या निकालात आहे. मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, निकाल दिल्लीत लागतो. काच माझी फुटते."

त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि म्हणून मी हे लिहितोय. एकट्या मालकावर हा भार टाकून आपण त्याच्या शौर्याची वाट बघणं अन्यायाचं आहे. महाकवी कालिदास कलामंदिर महापालिकेचं, म्हणजे आपलं आहे. तिथल्या आरक्षणाच्या अटींत एवढं एक वाक्य असावं, की कार्यक्रमातल्या राजकीय मताच्या कारणावरून आरक्षण रद्द होणार नाही. कुणी आक्षेप घेतला तर पोलीस बंदोबस्त आक्षेप घेणाऱ्याला आवरण्यासाठी असेल. दर मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. सगळ्या विचारांची माणसं तिथं बोलून गेली आहेत आणि नाशिककरांनी न पटणारी भाषणंही घाटाच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकली आहेत. त्यातली एक संध्याकाळ या मुलांना द्या. त्याच व्यासपीठावर त्यांना उलट प्रश्न विचारा, आकडे कुठून आणले ते विचारा. आणि आमच्या खोलीसारख्या जागांवर उद्या कुणी चाल करून आलं, तर शेजारच्या दुकानदारांनी, वाचनालयातल्या वाचकांनी, नाट्य परिषदेच्या सभासदांनी दाराशी येऊन उभं राहावं. चाळीस खुर्च्यांच्या खोलीसाठी चाळीस माणसं पुरतात. मी येईन. भावालाही विचारलंय, तोही येतो म्हणालाय, गाणं त्याला आवडलेलं नसताना.

निफाडचा मुलगा परवा भेटला. कांद्याचा सेट त्यानं वडिलांना म्हणून दाखवला होता. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली तेव्हा त्यांचा लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता. मी विचारलं, हसले का? म्हणाला, "दोनदा हसले. मग मला थांबवलं आणि म्हणाले, त्या दिवशी एकवीसशेनं नाही गेला, अठराशेनं गेला. कपाटातून हिशेबपट्टी काढून दाखवली." त्यानं सेटमधला आकडा बदललाय. एक पंच, म्हणजे हसवणारी ओळ, त्यामुळं बसत नव्हता, तो पुन्हा लिहिलाय. पाच मिनिटं तयार आहेत, सर, शनिवारी करू का, असं तो विचारत होता. मी मालकाला फोन लावला.